फ्रँकेल: चौदा शर्यतींचा घोडा आणि त्यानंतरची मोठी परीक्षा

१४ शर्यती, १४ विजय. फ्रँकेलचं नाव निघालं की पहिल्यांदा हाच आकडा सांगितला जातो. पण नुसत्या अपराजित विक्रमावर घोड्याची पारख होत नाही. सोप्या मैदानात निवडून निवडून पळवलेला घोडाही अपराजित राहू शकतो. फ्रँकेलचं मोठेपण कळायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्याने कोणाला हरवलं, आणि धावणं थांबल्यावर त्याच्या पोटी काय निपजलं. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच जोपासलेल्या जातीच्या घोड्याच्या आयुष्यात धावणं आणि धावणारी शिंगरं देणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पहिला आलेला दुसरीत नापास झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

फ्रँकेलचा जन्म ११ फेब्रुवारी २००८ चा, इंग्लंडमधला. बाप गॅलिलिओ, आई काइंड. मालक सौदी राजघराण्यातले खालिद अब्दुल्ला. त्यांच्या जडमॉन्ट फार्म्सने पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या घोड्या सांभाळून वंश घडवला होता. अमेरिकी ट्रेनर बॉबी फ्रँकेल २००९ मध्ये वारले. ते जडमॉन्टचे घोडे सांभाळत, म्हणून या कोल्टला, म्हणजे तरुण नर घोड्याला, त्यांचं नाव मिळालं. तयारीसाठी तो न्यूमार्केटला हेन्री सेसिल यांच्याकडे गेला आणि सर्व १४ शर्यतींत त्याच्या पाठीवर टॉम क्विली हेच जॉकी होते.

रक्त कुठून आलं

गॅलिलिओने २००१ मध्ये एप्सम डर्बी जिंकली होती. ही दीड मैलाची, म्हणजे १२ फर्लांगांची शर्यत. एक फर्लांग साधारण २०१ मीटरचा, आणि आठ फर्लांगांचा मैल. गॅलिलिओकडून दमसास आला. काइंड मात्र कमी अंतराची, चपळ घोडी. तिचा बाप डेनहिल, आणि त्याची संतती वेगासाठी ओळखली जाते. दमदार बाप आणि वेगवान आई हा मेळ पैदास करणारे मुद्दाम घालतात. दोन्ही बाजू नुसत्या दमाच्या निघाल्या तर शिंगरू संथ होतं. दोन्ही नुसत्या वेगाच्या निघाल्या तर सातव्या फर्लांगावर त्याचा श्वास संपतो.

वंशावळीत आणखी एक गोष्ट दिसते. गॅलिलिओचा आजोबा नॉर्दर्न डान्सर, आणि काइंडच्या बाजूला डेनहिलचा आजोबाही तोच. म्हणजे फ्रँकेलच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर बापाकडून तिसऱ्या आणि आईकडून चौथ्या पिढीत येतो. पैदासवाले हे '३ बाय ४' असं लिहितात. एवढ्या अंतरावर एक पूर्वज दोनदा येणं या व्यवसायात नेहमीचं आहे. त्यापेक्षा जवळचं आलं, तर चांगल्या गुणांबरोबर दडलेले दोषही दुप्पट होऊन वर यायचा धोका वाढतो.

तरीही कागदावरची वंशावळ म्हणजे हमी नव्हे. फ्रँकेलचा सख्खा भाऊ नोबल मिशन याचे आईबाप तेच, रक्त तेच. तो चांगला निघाला, २०१४ ची चँपियन स्टेक्स त्याने जिंकली. पण ती पाचव्या वर्षी, आणि फ्रँकेलच्या जवळपासही तो कधी पोचला नाही. कारण साधं आहे. सख्ख्या भावंडांतही जनुकांचा वाटा सरासरी निम्माच सारखा असतो. प्रत्येक शिंगराला पत्ते नव्याने पिसून मिळतात.

दमवणाऱ्या जोरावर लगाम

फ्रँकेलची पहिली शर्यत १३ ऑगस्ट २०१० रोजी न्यूमार्केटला झाली. एक मैल, ओलसर मैदान. जिंकला अर्ध्या लांबीने. त्या दिवशी दुसरा आलेला नथॅनिएल पुढच्या वर्षी किंग जॉर्ज आणि त्याच्या पुढच्या वर्षी एक्लिप्स या मोठ्या शर्यती जिंकला. त्या साध्या शर्यतीत कोण पळत होतं, ते असं नंतर उमगलं. मग डॉनकास्टरला १३ लांब्यांनी, ॲस्कॉटच्या रॉयल लॉजमध्ये १० लांब्यांनी, आणि ऑक्टोबरात ड्यूहर्स्ट स्टेक्स. हा त्याचा पहिला ग्रुप १ विजय. ग्रुप १ म्हणजे शर्यतींची सर्वांत वरची श्रेणी.

'लांबी' हे घोड्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं माप, साधारण २.४ मीटर. भरधाव घोडा एका सेकंदात अशा सहा-सात लांब्या तोडतो. तेव्हा १० लांब्या म्हणजे दीड सेकंद. ऐकायला कमी वाटतं, पण मैलाच्या शर्यतीत दीड सेकंद म्हणजे मागच्याला पुढच्याची पाठही नीट दिसत नाही.

या घोड्याची अडचण वेगाची नव्हती, तो वेग आवरण्याची होती. फ्रँकेल लगाम ओढून पुढे झेपावायचा. अशा घोड्याचं नुकसान नेमकं कसं होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. आणि भरधाव चालीत एका टापेच्या फेऱ्याला एकच श्वास, असं त्याचं गणित बांधलेलं असतं. जॉकीने लगाम ताणला आणि घोडा झगडला, तर मान वर होते, घसा वाकतो, हवा कमी आत जाते, चालीची लय तुटते. शिवाय सुरुवातीलाच अति वेग घेतला तर स्नायू प्राणवायू पुरण्याआधीच साखर जाळू लागतात, आम्लता वाढते आणि शेवटच्या दोन फर्लांगांत पाय जड पडतात.

सेसिल यांनी याला शिक्षा केली नाही. रोजच्या सरावात घोड्याला दुसऱ्या शांत घोड्याच्या मागे ठेवून, हळूहळू वेग वाढवत, 'थांबून पळायला' शिकवलं. रोज त्याच्या पाठीवर एकच सवार राहील याची काळजी घेतली. हलक्या हाताचा, न भांडणारा सवार इथे ट्रेनरइतकाच मोलाचा. शर्यतीसाठी सेसिल यांनी बुलेट ट्रेन नावाचा घोडा पेसमेकर म्हणून वापरला. तो काइंडचाच मुलगा, गॅलिलिओचा बाप सॅडलर्स वेल्सपासूनचा. पेसमेकरचं काम जिंकणं नव्हे. पुढे राहून एकसारखा वेग धरायचा, म्हणजे मागच्या घोड्याला गर्दी आणि रखडपट्टी सहन करावी लागत नाही.

३० एप्रिल २०११ ची २००० गिनीज, न्यूमार्केटची मैलाची मोठी शर्यत, मात्र शांत बसून जिंकलेली नाही. सुरुवातीपासून फ्रँकेल पुढे निघाला, अर्ध्यावरच बाकीच्यांना त्याने सुमारे १५ लांब्या मागे टाकलं, आणि शेवटी ६ लांब्यांनी जिंकला. दोन आकड्यांतला फरक नीट पाहा. उत्तरार्धात अंतर वाढलं नाही, घटलं. कारण पहिला अर्धा भाग तो पूर्ण ताकदीने पळाला होता. तरीही त्याच्यापर्यंत कोणी पोचलं नाही, इतकी ती आघाडी मोठी होती.

जूनमध्ये रॉयल ॲस्कॉटची सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स याउलट अगदी अटीतटीची झाली. फ्रँकेल लवकर पुढे गेला, अखेरच्या फर्लांगात थकला आणि झोफनीला पाऊण लांबीने हरवलं. मला तरी हा विजय त्याच्या सर्वांत मोठ्या विजयांइतकाच मोलाचा वाटतो. यात त्याची मर्यादा पहिल्यांदा दिसली, आणि तरीही तो हरला नाही. गिनीजनंतर डर्बीचा मोह टाळून सेसिल यांनी त्याला मैलावरच ठेवलं होतं, तो निर्णयही इथे समजतो. असा झेपावणारा घोडा १२ फर्लांगांत स्वतःला जाळून घेऊ शकला असता.

किती मोठा, हे मोजतात कसं

घोड्यांची तुलना पौंड वजनात होते. समजा दोन घोडे एकाच वजनाने मैल पळले आणि पहिला एका लांबीने जिंकला. त्या लांबीची किंमत ठोकळमानाने दोन पौंडांच्या आसपास धरतात. अंतर वाढलं की ती कमी होते, स्प्रिंटमध्ये ती वाढते. मग दुसऱ्या आलेल्याचा आधीचा दर्जा माहीत असेल, तर त्यात विजयाच्या लांब्यांचे पौंड मिळवून विजेत्याचा दर्जा निघतो. म्हणजे सगळं अवलंबून आहे ते हरलेल्या घोड्यावर.

इथेच फ्रँकेलचा विक्रम भक्कम उभा राहतो. एक्सेलेब्रेशन नावाच्या घोड्याने फ्रँकेलकडून पाच वेळा हार खाल्ली: ग्रीनहॅम, सेंट जेम्सेस पॅलेस, क्वीन एलिझाबेथ दुसरी, लॉकिंज आणि क्वीन ॲन. तोच घोडा फ्रँकेल नसलेल्या मैदानात तीन ग्रुप १ जिंकला: २०११ ची मूलॅं, २०१२ ची जाक ले मारवा आणि क्वीन एलिझाबेथ दुसरी. कॅनफर्ड क्लिफ्स तर जुलै २०११ च्या ससेक्स स्टेक्सला सलग पाच ग्रुप १ जिंकून आला होता. त्याला फ्रँकेलने ५ लांब्यांनी मागे टाकलं. फार्ह दोनदा दुसरा आला आणि पुढच्या वर्षी लॉकिंज व चँपियन स्टेक्स दोन्ही जिंकला. हरलेल्यांची ही यादी पाहिली की १४ चा आकडा आपोआप जड होतो.

१९ जून २०१२ च्या क्वीन ॲन स्टेक्समध्ये त्याने एक्सेलेब्रेशनला ११ लांब्यांनी हरवलं. त्या कामगिरीवर टाइमफॉर्म या घोड्यांना दर्जा देणाऱ्या ब्रिटिश संस्थेने त्याला १४७ दर्जा दिला. त्याआधी १९६५ पासून सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या शर्यतींत सी बर्डचा १४५ हाच सर्वोच्च होता. जागतिक अधिकृत क्रमवारीत त्याला १४० मिळाले, आणि जुन्या दर्जांचीही फेरतपासणी झाली, त्यात डान्सिंग ब्रेव्हचा १४१ कमी होऊन १३८ वर आला. दोन वेगळ्या संस्थांचे आकडे वेगळे असतात, त्यांची एकमेकांशी तुलना करायची नसते. टाइमफॉर्मचा आकडा टाइमफॉर्मशीच ताडायचा.

हे सगळं घडण्याआधी, एप्रिल २०१२ मध्ये, सरावात त्याच्या पुढच्या पायाला इजा झाली होती. घोड्याचं मागचं खूर पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला लागतं, तेव्हा आतला स्नायुबंध फाटला की नाही हे पाहणं निकडीचं असतं. त्या बंधाला रक्तपुरवठा तुटपुंजा. तो फाटला तर भरायला अनेक महिने, कधी वर्ष जातं, आणि नवा भाग पूर्वीइतका लवचीक होत नाही. म्हणूनच पायावर जरा सूज दिसली तरी अल्ट्रासाउंड करून पाहतात. फ्रँकेलच्या तपासणीत बंध शाबूत निघाला आणि मे महिन्यात तो लॉकिंजला उतरला.

ऑगस्टमध्ये यॉर्कच्या इंटरनॅशनल स्टेक्समध्ये तो पहिल्यांदा मैलाहून लांब, साधारण साडेदहा फर्लांग पळाला. मागे शांत बसून, सरळ रस्त्यावर येताच इतरांना मागे टाकत ७ लांब्यांनी जिंकला. झेपावणारा दोन वर्षांचा कोल्ट आता थांबून पळायला शिकला होता. हे सेसिल यांचं श्रेय, आणि ते आजारपणाशी झुंजत असताना मिळवलेलं. शेवटची शर्यत २० ऑक्टोबर २०१२ ची, ॲस्कॉटची चँपियन स्टेक्स. मैदान भिजलेलं, सुरुवातीला काही लांब्या गेल्या, आणि समोर सीरस देझेग्ल, म्हणजे आदल्या वर्षीचा विजेता, जो अशाच मऊ मैदानात सर्वांत भारी होता. फ्रँकेलने पावणेदोन लांब्यांनी जिंकलं. पुढच्या जूनमध्ये सेसिल वारले.

घोडा पळायचा का थांबवतात?

चार वर्षांचा, निरोगी, अपराजित घोडा का थांबवला, असं पुष्कळांना वाटतं. उत्तर आकड्यांतच आहे. पूर्ण कारकिर्दीत फ्रँकेलने बक्षिसांत २९,९८,३०२ पौंड कमावले. २०१३ च्या हंगामासाठी त्याचा पैदाशीचा पहिला दर ठरला तो एका घोडीमागे १,२५,००० पौंड. शंभर घोडींची शिंगरं जरी जिवंत जन्मली, तरी एका हंगामात सव्वा कोटी पौंड. आणि पळताना हाड मोडलं, तर हे सगळं एका क्षणात संपू शकतं.

थरोब्रेडच्या पैदाशीत कृत्रिम रेतन चालत नाही. नोंदणीसाठी नैसर्गिक संयोगच लागतो, मायक्रोचिप आणि डीएनएने आईबाप पडताळतात. म्हणून घोडी स्वतः प्रवास करून घोड्याकडे येते. उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेडांचा वाढदिवस १ जानेवारी धरतात आणि गर्भकाळ ११ महिन्यांचा. शिंगरू जानेवारीनंतर जितकं लवकर जन्मेल, तितकं दोन वर्षांच्या शर्यतींत ते वयाने पुढे राहतं. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून वीण सुरू होते. पण घोडीचा माज नैसर्गिकपणे दिवस मोठे झाल्यावर येतो. त्यासाठी डिसेंबरपासून तिच्या तबेल्यात रोज एकूण १६ तास उजेड ठेवतात. मेंदूला वाटतं वसंत आला, आणि बीजाशय लवकर जागं होतं.

माजाचं चक्र २१ दिवसांचं, त्यात साधारण ५ ते ७ दिवस घोडी घोड्याला स्वीकारते. 'टीझर' नावाचा दुसरा घोडा तिला कुंपणापलीकडून दाखवतात. तिची हालचाल पाहून माज ओळखतात, आणि अल्ट्रासाउंडने बीजपुटाची वाढ मोजतात. संयोग बीज सुटण्याच्या आधीच्या एका-दोन दिवसांत झाला पाहिजे. त्याआधी संसर्ग तपासण्यासाठी नमुने घेतात. घोडीच्या मागच्या खुरांवर मऊ आवरणं आणि शेपटीला पट्टी बांधतात, कारण एक लाथ लाखो पौंडांच्या घोड्याला कायमचं जायबंदी करू शकते. घोड्याची शेपटी वरखाली हलते ती वीर्यपाताची खूण. ती पाहूनच संयोग पूर्ण झाला असं ठरवतात. जोमाच्या हंगामात घोडा दिवसाला दोन-तीनदा हे काम करतो.

पुढची तपासणी १४ ते १६ दिवसांनी. घाई करायचं कारण जुळं. घोडीच्या गर्भाशयात दोन शिंगरांना पुरेल एवढी जागा नसते. दोन्ही वाढू दिली तर बहुतेक वेळा दोन्ही जातात. म्हणून दोन गर्भपिंड दिसले तर त्या दिवसांतच एक दाबून काढतात. तो चिकटून बसल्यावर हे जमत नाही. साधारण २६ ते २८ दिवसांनी हृदयाचे ठोके दिसतात. गर्भपात घडवणाऱ्या घोड्याच्या हर्पीस विषाणूसाठी पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात लस टोचतात. पाण्याची पिशवी फुटल्यावर शिंगरू वीस-तीस मिनिटांत बाहेर आलं पाहिजे. पुढे तासाभरात उभं, दोन तासांत दूध पीत, तीन तासांत घोडीचा वार पडलेला, असा हिशेब ठेवतात. यातलं काही चुकलं की डॉक्टरला बोलवायला वेळ दवडत नाहीत. पहिल्या दुधातली प्रतिकारशक्ती शिंगराच्या आतड्यातून रक्तात जाते ती पहिल्या दिवसातच, आणि त्यातही पहिले सहा-आठ तास सर्वांत मोलाचे. म्हणूनच दर ठरवतानाही बरेच स्टड, म्हणजे पैदास केंद्रं, 'जिवंत शिंगरू' ही अट ठेवतात.

घोड्याचा निकाल उशिरा लागतो

पैदाशीच्या धंद्यात सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे थांबणं. २०१३ मध्ये फळलेल्या घोडींची शिंगरं २०१४ मध्ये जन्मली, २०१५ मध्ये वर्षभराची झाली, आणि २०१६ मध्ये पहिल्यांदा पळाली. तेवढी तीन वर्षं दर केवळ अपेक्षेवर टिकतो. अनेक घोड्यांचा दर तिसऱ्या-चौथ्या वर्षी घसरतो, कारण आरंभीचं कौतुक ओसरलेलं असतं आणि निकाल अजून लागलेला नसतो. घोडीमालकही त्या वर्षी सावध होतात.

सेक्रेटेरिएट हा शर्यतीतला महान घोडा. बाप म्हणून त्याच्याकडून स्वतःच्या तोडीचा मुलगा झाला नाही, मात्र मुलींच्या पोटी स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी निघाले. सिगारने सलग १६ शर्यती जिंकल्या आणि पैदाशीला गेल्यावर तो वंध्य ठरला. अशा वेळी विमाच मालकाला वाचवतो. म्हणून प्रत्येक नव्या घोड्याची जननक्षमता हंगामाआधी तपासतात.

फ्रँकेलने वेळेआधीच उत्तर दिलं. १३ मे २०१६ रोजी त्याचं पहिलं पळणारं शिंगरू कुन्को न्यूबरीला जिंकलं. डिसेंबरात जपानमध्ये सोल स्टरिंगने त्याला पहिला ग्रुप १ विजय मिळवून दिला, आणि पुढच्या वर्षी ती जपानी ओक्सही जिंकली. २०१७ आणि २०१८ अशा दोन्ही वर्षी क्रॅक्समनने चँपियन स्टेक्स जिंकली, बापाचीच शेवटची शर्यत. २०१८ पासून दर १,७५,००० पौंडांवर गेला. पुढे ॲनापुर्ना ओक्स, लॉजिशियन सेंट लेजर, आणि २०२१ मध्ये अडायरने एप्सम डर्बी व किंग जॉर्ज, हरिकेन लेनने आयरिश डर्बी व सेंट लेजर. त्याच वर्षी फ्रँकेल ब्रिटन-आयर्लंडचा अव्वल पैदासघोडा ठरला. २०१० पासून ही जागा दरवर्षी गॅलिलिओकडेच होती. २०२२ मध्ये ॲल्पिनिस्टाने आर्क ही फ्रान्सची सर्वांत मोठी शर्यत जिंकली, २०२३ मध्ये चॅल्डियनने बापासारखी २००० गिनीज, आणि फ्रँकेल पुन्हा अव्वल झाला. २०२४ मध्ये दर ३,५०,००० पौंडांवर गेला.

यात एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. फ्रँकेल स्वतः साडेदहा फर्लांगांपलीकडे कधी गेला नाही. त्याची मुलं मात्र डर्बीचे १२ आणि सेंट लेजरचे साडेचौदा फर्लांग जिंकतात. सेसिल यांनी त्याला डर्बीपासून राखलं ते त्याच्या स्वभावामुळे, गॅलिलिओचा दमसास तर त्याच्या रक्तात होताच, आणि घोडीच्या बाजूनेही दम आला की तो शिंगरात उतरतो. दुसरीकडे जपानमध्ये मोझू ॲस्कॉटने २०१८ ची यासुदा किनेन हिरवळीवर जिंकली आणि २०२० ची फेब्रुवारी स्टेक्स मातीच्या मैदानावर. एकाच घोड्याची मुलं अंतर, देश आणि मैदान बदलूनही जिंकतात, हे फार थोड्या पैदासघोड्यांच्या बाबतीत घडतं.

आणि आता तिसरी पिढी आली आहे. २०२३ च्या आर्कचा विजेता एस इम्पॅक्ट हा क्रॅक्समनच्या पहिल्याच पिढीतला. फ्रँकेलच्या मुलींपैकी बऱ्याच घोड्या आता शिंगरं देऊ लागल्या आहेत. सेक्रेटेरिएटच्या बाबतीत मुलींनीच नाव राखलं होतं, म्हणून वंशावळी वाचणारे आता आईच्या बाजूच्या रकान्यात फ्रँकेलचं नाव शोधत आहेत.